येणारी-जाणारी ऊब

दुखणी दोन प्रकारची असतात. काही ठाण मांडून बसतात आणि काही पाहुण्यासारखी येऊन-जाऊन असतात. पहिल्या प्रकारचे दुखणे कितीही अवघड असले तरी ते निदान जागेवर सापडते. दुसऱ्या प्रकारचे दुखणे मात्र वैद्याच्या दारी पोहोचताच नाहीसे होते आणि रोगी घरी परतला की पुन्हा हजर होते. हिवताप हे त्याचे जुने उदाहरण होय. आपल्या प्राचीन वैद्यांना डासाची करणी ठाऊक नव्हती. तथापि ताप कोणत्या दिवशी येतो व कोणत्या दिवशी येत नाही हे त्यांनी नीट न्याहाळले, आणि त्या पाळीवरूनच ‘तृतीयक’, ‘चतुर्थक’ अशी नावे दिली. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे १८९७ साली डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला तो पुष्कळ शतकांनी. म्हणजे कारण सापडण्यापूर्वी वेळापत्रक सापडले होते.

यंत्रांनाही असा पाळीचा ताप येतो, हे आम्हा दहावीच्या चौघा विद्यार्थ्यांस गेल्या हिवाळ्यात प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. आमच्या रोग्याला ताप येत नव्हता, उलट त्याची ऊब जात होती, एवढाच काय तो फरक! तो रोगी म्हणजे एक मोटारगाडी, आणि तिचे दुखणे असे की तिच्या हीटरमधून गरम हवा कधी येई व कधी येत नसे.

वाचकांपैकी कोणी कोकणातील किंवा सोलापूरकडील असतील तर त्यांना वाटेल की मोटारीतील हीटर ही एक चैनीची वस्तू. ती बिघडली काय नि सुधारली काय, सारखेच. परंतु आमचे काकती हे गाव बेळगावच्या उत्तरेस, पुणे-बेंगळुरू महामार्गाला लागून वसलेले आहे. राणी चन्नम्मा यांचे हे जन्मगाव. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरील हा मुलूख. येथे डिसेंबरातील पहाटे मार्कंडेय नदीच्या अंगाने धुके उठते, आणि होनग्याच्या पुढे वंटमुरीच्या घाटात शिरले की समोरच्या मालट्रकचा मागचा दिवादेखील दिसेनासा होतो. अशा वेळी मोटारीच्या काचेवर आतून दव धरते. ते पुसण्यासाठी चालकाने एक हात चाकावरून काढावा तर घाटातील वळण समोर उभे! काचेवर गरम हवा सोडणे हाच त्यावरचा खरा उपाय होय.

आमच्यापैकी एकाचे वडील भाड्याची मोटार चालवितात. आम्ही सारेच त्यांना काका म्हणतो. गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, आणि तिचे हप्ते अद्याप फिटावयाचे आहेत. आठवड्यातून दोनदा काका पहाटे संकेश्वरला जातात आणि तेथील एका वृद्ध गृहस्थांना बेळगावच्या इस्पितळात घेऊन येतात. त्या आजोबांची मूत्रपिंडे निकामी झाली असून तेथे यंत्राच्या साहाय्याने त्यांचे रक्त शुद्ध केले जाते. अशा रोग्यांना थंडी फार बाधते. दोन शाली पांघरूनही ते कुडकुडत. सोबत आजी असतात. हीटर चालला तर आजोबांचा डोळा लागे. न चालला तर सारी वाट त्यांचे दात वाजत. एकदा तर आजी संकोचून म्हणाल्या, “बाळ, राग मानू नकोस. हे असंच राहिलं तर आम्हांला दुसरी गाडी बघावी लागेल की रे.” काकांची महिन्याची निश्चित अशी कमाई या दोन फेऱ्यांचीच. बाकीचे भाडे आले तर आले. त्यामुळे प्रश्न केवळ हवेचा राहिला नव्हता.

काकांनी उपचारांत कसूर केली नव्हती. निपाणीच्या बाजूस एका गॅरेजात गाडी दाखविली. तेथे हीटरची जाळी चोंदली असल्याचे सांगण्यात आले. ती बदलावयाची तर संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल, आणि त्याचा खर्च काकांच्या महिन्याच्या मिळकतीहून अधिक. दुसऱ्या एका ठिकाणी थर्मोस्टॅट बदलून दिला. चार दिवस बरे गेले आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्याने तर थर्मोस्टॅट काढूनच टाकावा, आपल्या हवेत त्याचे काय काम, असा सल्ला दिला. सुदैवाने काकांनी तो मानला नाही. या सर्व ठिकाणी एक गोष्ट समान घडली. गाडी तेथे पोहोचली तेव्हा महामार्गावरून धावत आलेली असल्यामुळे हीटर उत्तम चालत होता! रोगी धडधाकट दिसत असताना दिलेले औषध म्हणजे अंधारात मारलेला दगड. ‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण आम्ही व्याकरणाच्या पुस्तकात पाठ केली होती. तिचा अर्थ येथे कळला.

आमच्या गल्लीत एक वयस्क मिस्त्री राहतात. उमेदीच्या काळात त्यांनी बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात व पुढे मोटार दुरुस्तीत हात काळे केले. आता दृष्टी अधू झाल्याने ते काम करीत नाहीत. परंतु कान व बुद्धी दोन्ही तल्लख आहेत. काकांनी त्यांच्या कट्ट्यावर जाऊन सारी हकीकत सांगितली. ते म्हणाले, “गरम हवा येत नाही, एवढंच नका सांगू. येते कधी, तेही लिहून आणा. गाडी बरी असते तेव्हाची हकीकत कोण सांगतच नाही बघा!” काकांना लिहिण्याची सवय नाही. तेव्हा त्यांनी आम्हा चौघांकडे पाहून म्हटले, “ही पोरं शाळेत प्रयोगवही लिहितात की. लिहू दे त्यांना.” अशा रीतीने ते काम आमच्या वाट्यास आले.

आम्ही शंभर पानी वहीत रकाने आखले: वेळ, ठिकाण, गाडी धावती की उभी, हीटरच्या तोंडाशी हवेचे तापमान, इंजिनाच्या उष्णतेच्या काट्याची जागा, आणि शेरा. विज्ञानाच्या सरांनी प्रयोगशाळेतील एक उष्णतामापक वापरावयास दिला. मोडल्यास भरून द्यावा लागेल, अशी प्रेमळ ताकीदही दिली. रविवारी काकांना भाडे असले आणि प्रवाशांची हरकत नसली की आमच्यापैकी एक जण पुढच्या आसनावर बसून नोंदी घेई. इतर दिवशी काका मुक्कामावर पोहोचताच आठवणीने आकडे टिपून ठेवीत. तीन आठवडे हा क्रम चालला.

त्या नोंदी सांगण्यापूर्वी मोटारीतील ऊब येते कोठून, हे सांगणे अवश्य आहे. पुष्कळांचा असा समज असतो की हीटर म्हणजे विजेची एखादी शेगडी असावी. सामान्य पेट्रोलच्या वा डिझेलच्या मोटारीत तसे नसते. इंजिनात इंधन जळते तेव्हा त्याच्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाके फिरविण्याच्या कामी येतो, तितकाच धुराबरोबर निघून जातो, आणि उरलेला बहुतांश भाग इंजिनाभोवती खेळणारे पाणी शोषून घेते. हे पाणी पुढे रेडिएटरमध्ये जाऊन वाऱ्याने निवते व पुन्हा इंजिनात येते. याच पाण्याची एक शाखा चालकाच्या पुढ्यात, डॅशबोर्डमागे बसविलेल्या लहानशा जाळीतून फिरते आणि एक पंखा त्या जाळीवरून हवा फुंकतो. तोच आपला हीटर. म्हणजे आपल्या घरच्या बंबात आंघोळीचे पाणी तापते, तेव्हा बंबाजवळ बसून हात शेकून घ्यावेत, तशातलाच हा प्रकार. ऊब फुकटची असते. इंजिनाने टाकून दिलेली असते.

पाणी फिरते ठेवण्यासाठी इंजिनावर एक पंप असतो. १९०८ साली निघालेल्या फोर्ड कंपनीच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ प्रकारच्या बहुतेक मोटारींत असा पंप नसे. तापलेले पाणी वर चढते व निवलेले खाली उतरते, एवढ्याच निसर्गनियमावर तिचे काम भागत असे. पुढे इंजिने जोरकस झाली आणि पंप अपरिहार्य ठरला. बहुतेक गाड्यांत हा पंप इंजिनाच्याच गतीने फिरतो. इंजिन जोरात तर पंप जोरात. इंजिन मंद तर पंपही मंद. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. थर्मोस्टॅट म्हणजे या पाण्याच्या वाटेवरचा द्वारपाल. त्याच्या पोटात मेण असते. इंजिन थंड असताना तो रेडिएटरकडील दार बंद ठेवतो; पाणी ऐंशी-नव्वद अंश सेल्सियसच्या दरम्यान तापले की मेण वितळून फुगते व दार उघडते. तो काढून टाकला तर इंजिन फार उशिरा तापते, इंधन अधिक जळते, आणि हीटरची हवा तर कोमटच राहते. तिसऱ्या सल्लागाराचे ऐकले असते तर दुखण्यात आणखी एका दुखण्याची भर पडली असती.

आता वहीकडे वळू. बाहेर १४ अंश तापमान असता धावत्या गाडीत हीटरच्या तोंडाशी ४६ ते ४८ अंश मिळत. काकती ते होनगा, भुतरामहट्टी, वंटमुरी असा सारा रस्ता हवा छान गरम येई. संकेश्वरात आजोबांना घेण्यासाठी गाडी दाराशी उभी राही, इंजिन चालूच असे, आणि पाच-सहा मिनिटांत आकडा २२ वर उतरे. गाडी पुन्हा रस्त्याला लागली की काही मिनिटांनी तो वर चढे. बेळगावच्या वेशीवर वाहनांच्या गर्दीत अडकले की पुन्हा थंडी. पंखा मात्र सदैव सारख्याच जोमाने वारा फेकीत असे. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस वहीतील पाने समोर ठेवताच एक गोष्ट डोळ्यांत भरली: ऊब लहरीप्रमाणे येत-जात नव्हती. ती इंजिनाच्या गतीबरोबर येत होती व गतीबरोबर जात होती. ज्याला आम्ही ‘कधी कधी’ म्हणत होतो त्याला एक नियम होता.

मिस्त्रींनी मग आम्हांस एक परीक्षा सांगितली. हवा थंड झाली असता गाडी जागेवर उभी ठेवूनच ऍक्सिलरेटर थोडा दाबून धरावा. काकांनी तसे केले. गाडी एक पाऊलही हलली नव्हती, तरी दीड-दोन मिनिटांत आकडा २२ वरून ३८ वर गेला. म्हणजे धावण्याने लागणाऱ्या वाऱ्याचा येथे संबंध नव्हता. संबंध पंपाच्या वेगाचा होता.

येथून पुढे मिस्त्रींनी एकेका संशयिताची उलटतपासणी घेतली, ती पाहण्यासारखी होती. पंखा सारखा चालतो, तेव्हा वीज निर्दोष. थर्मोस्टॅट उघडा अडकला असता तर इंजिनाचा काटाच खाली राहिला असता. तो मध्यावर असतो, तेव्हा तोही सुटला. डॅशबोर्डच्या आत गरम व थंड हवेची वाट बदलणारी एक झडप असते. ती सैल झाली असती तर जाळीकडे जाणारी व जाळीकडून येणारी अशा दोन्ही रबरी नळ्या गरम लागल्या असत्या. आम्ही बॉनेट उघडून, पंख्यापासून हात दूर राखून, त्या दोन्ही नळ्या जपून चाचपल्या. गाडी उभी असता एक चटका देई, दुसरी जेमतेम कोमट. म्हणजे गरम पाणी जाळीच्या दाराशी येत होते, पण आरपार जात नव्हते. मग जाळी चोंदली आहे हेच खरे का? मिस्त्री हसून म्हणाले, “गाळ बसला तर बसला. तो गाडी पळाली की उठून जात नाही, थांबली की परत येऊन बसत नाही.” हा युक्तिवाद आम्हांस फार आवडला. जे कारण कायमचे आहे त्याचा परिणाम घटकेत येणारा नि घटकेत जाणारा कसा असेल? वाटेत अडथळा तर होता, पण तो जागा सोडणारा होता.

या कोड्याची पुढली कडी एका अनपेक्षित ठिकाणी सापडली. नाताळच्या सुटीच्या दिवशी इस्पितळाची फेरी आली, आणि आमच्यापैकी दोघांस आजी-आजोबांबरोबर येण्याची परवानगी मिळाली. गाडी निघता निघता आजी सहज म्हणाल्या, “रोज सकाळी इथं पुढं पाणी वाजतंय बघा पोरांनो, घागर रिकामी करताना घळघळ होतं तसं.” आजी नेहमी पुढच्या आसनावर बसत. इतके दिवस इतक्या जाणत्या लोकांनी गाडी पाहिली, पण तीत बसून जाणाऱ्या आजींना कोणी काही विचारलेच नव्हते! आम्ही ते शब्द जसेच्या तसे शेऱ्याच्या रकान्यात लिहिले. संध्याकाळी ते वाचून दाखविताच मिस्त्रींनी कपाळावर हात मारून म्हटले, “घागर भरलेली असली तर वाजते काय? आत हवा हाय.”

हीटरची जाळी या गाडीत पाण्याच्या साऱ्या वाटेतील सर्वांत उंच जागी आहे. हवा पाण्याहून हलकी. ती उंच जागा शोधून तेथे बसते. पंप जोरात असला की पाणी तो हवेचा बुडबुडा रेटीत पुढे जाते व जाळी तापते. पंप मंदावला की त्याचा जोर अपुरा पडतो. बुडबुडा वाट अडवून बसतो, आणि पाणी खालच्या सोप्या मार्गाने परत फिरते. ऊब का येते व का जाते, हे आता उमगले. परंतु हवा आत शिरली कोठून? आणि हवेने जागा घेतली तर तेथले पाणी गेले कोठे? काका तर शपथेवर सांगत होते की पाणी कधीच कमी झालेले नाही. रेडिएटरला जोडलेली प्लास्टिकची बाटली ते रोज पाहत आणि ती वरच्या खुणेपर्यंत भरलेली असे.

त्या भरलेल्या बाटलीतच सारे रहस्य होते. पाणी तापले की फुगते. जास्तीचे पाणी रेडिएटरच्या झाकणातील झडप लोटून एका बारीक रबरी नळीवाटे बाटलीत येते. रात्री इंजिन निवले की पाणी आकसते, आत पोकळी होते, आणि झाकणातील दुसरी लहान झडप उघडून तेच पाणी बाटलीतून परत ओढले जाते. म्हणून निरोगी गाडीत बाटलीची पातळी तापल्यावर चढते व निवल्यावर उतरते; जणू ती श्वास घेत असते. मिस्त्रींच्या सांगण्यावरून आम्ही दोन बाटल्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटविल्या, एक काकांच्या गाडीवर व दुसरी सरांच्या गाडीवर. संध्याकाळी व सकाळी पेन्सिलीने खुणा केल्या. सरांच्या गाडीत सकाळची खूण संध्याकाळच्या खुणेहून बोटभर खाली आली. काकांच्या गाडीत पाच दिवसांत पातळी एकदाही उतरली नाही, किंचित चढलीच. ती बाटली भरलेली होती, पण श्वास घेत नव्हती. पाणी बाहेर येत होते, आत परतत नव्हते.

सहाव्या दिवशी सकाळी, इंजिन रात्रभर निवल्यावर, काकांनी रेडिएटरचे झाकण उघडले. येथे वाचकांस कळकळीने सांगावेसे वाटते की गरम इंजिनावरील हे झाकण कधीही उघडू नये. आमच्या उंचीवर साधे पाणी ९७-९८ अंशांवरच उकळते. झाकणाने कोंडलेल्या दाबामुळे ते शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही. परंतु झाकण फिरविताच दाब सुटतो आणि उकळते पाणी फवाऱ्यासारखे तोंडावर येते. असो. निवलेल्या रेडिएटरमध्ये डोकावून पाहिले तर पाणी दिसेना! बाटली काठोकाठ आणि घर रिकामे. मिस्त्रींनी झाकणातील मधली लहान झडप नखाने उचलून पाहिली. ती उचलली जाई व जागेवर बसे. राहिली ती बाटलीपर्यंत जाणारी हातभर रबरी नळी.

ती वरून धडधाकट दिसत होती. आम्ही ती सोडवून गावातील सायकल दुकानी नेली. पंक्चर शोधण्यासाठी तेथे पाण्याने भरलेले घमेले असतेच. नळीचे एक तोंड बोटाने दाबून आम्ही दुसऱ्यातून फुंकले. सरळ असता काही नाही. ज्या टोकाला क्लिप बसे ते जरा वाकविताच बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. तेथे केसाएवढी चीर होती, आणि गाडीत ती नळी नेमकी तेथेच वाकलेली असे. पाणी बाहेर ढकलले जाताना त्या चिरेतून क्वचित एखादा थेंब पडे, तोही तापल्या इंजिनावर सुकून जाई. परंतु रात्री इंजिनाने श्वास आत ओढला की खोल बाटलीतील पाणी वर खेचण्यापेक्षा जवळच्या चिरेतून हवा ओढणे सोपे! रोज रात्री थोडी हवा आत, रोज दिवसा थोडे पाणी बाटलीत. आत आलेली हवा सकाळी पाण्याबरोबर वाहत जाऊन हीटरच्या जाळीत मुक्काम करी, आणि आजींना घागर वाजल्याचा भास होई. तो भास नव्हता.

नवी नळी किरकोळ किमतीची निघाली. ती बसविल्यावर गाडीचे तोंड चढाकडे करून, हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवून, रेडिएटरमध्ये कूलंट हळूहळू ओतले. निव्वळ पाणी न घालता कूलंट घालावे, कारण त्यातील ग्लायकॉल नावाचा पदार्थ उत्कलनबिंदू वाढवितो आणि सोबतची द्रव्ये आतील धातूस गंजू देत नाहीत. मात्र ते विषारी असून चवीस गोडसर असते. सांडलेले कुत्र्या-मांजरांनी वा गुरांनी चाटू नये म्हणून आम्ही ती जागा पुष्कळ पाण्याने धुतली. इंजिन मंद चालू ठेवताच रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येऊ लागले. ते थांबेतो पुनःपुन्हा कूलंट ओतावे लागले. अखेर झाकण लावले. गाडी जागेवर उभी असता हीटरच्या तोंडाशी उष्णतामापक धरला. पाच मिनिटे, दहा मिनिटे, पंधरा मिनिटे: ४७ अंश.

ऊब परतली, आजोबांना फेऱ्यांत डोळा लागू लागला, आणि दुसरी गाडी पाहण्याचा विषय आजींनी पुन्हा काढला नाही. काकांनाही डॅशबोर्ड उतरविण्याचा खर्च वाचला. परंतु मिस्त्री म्हणाले त्याप्रमाणे खरा लाभ त्याहून मोठा होता. इंजिनातील पाणी दिवसेंदिवस कमी होत होते. आणखी काही आठवड्यांनी, कदाचित चैत्राच्या उन्हात, प्रवाशांनी भरलेली गाडी वंटमुरीचा चढ चढत असता, इंजिन तापून उठले असते. आधुनिक इंजिनाचा माथा अॅल्युमिनियमचा असतो. अतितापाने तो वाकतो, आणि तो वाकला की खर्चाचा आकडा हप्त्यांच्या आकड्याशी स्पर्धा करू लागतो. उष्णतेच्या काट्यावर विसंबावे तर पाणी फार उतरल्यावर काट्याची सुई पाण्याऐवजी हवेचीच उष्णता मोजू लागते व चालकास फसविते. अशा वेळी प्रथम बोलला तो हीटर. ज्याला सारे क्षुल्लक तक्रार समजत होते तो वस्तुतः इंजिनाचा निरोप होता.

या तीन आठवड्यांत आम्हांस मोटारविद्या आली असे मुळीच नव्हे. परंतु एक गोष्ट मनात घर करून राहिली. अंदाज बांधण्यास पैसा पडतो, आणि तो बहुधा गरिबाच्या खिशातून जातो. पाहण्यास व लिहिण्यास केवळ धीर लागतो. काकांच्या गाडीचे तीन वेळा निदान झाले ते बुद्धी कमी होती म्हणून चुकले असे नाही. दुखणे नजरेआड असता उपचार करण्याची घाई झाली, इतकेच. आणि ज्यांच्या हाती उत्तराची किल्ली होती त्या आजींना प्रश्नच विचारला गेला नव्हता. आपल्या घरी, शेतात, शाळेत अशी येणारी-जाणारी दुखणी पुष्कळ असतात: मध्येच बंद पडणारा विहिरीवरचा पंप, मध्येच मिणमिणणारा दिवा, मध्येच अभ्यासातून मन उडणारा एखादा मित्र. त्यांना ‘लहरी’ असे नाव देऊन आपण मोकळे होतो. परंतु लहर हा शब्द पुष्कळदा आपल्या न पाहण्याला दिलेला असतो.

शंभर पानी वहीची अठ्ठावीस पाने भरली. उष्णतामापक अभंग स्थितीत सरांच्या स्वाधीन केला आहे, आणि वही त्यांच्याच सांगण्यावरून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली आहे. उरलेली बहात्तर पाने कोरी आहेत. आम्ही आता शाळा सोडून जाणार. मागून येणाऱ्या बंधुभगिनींपैकी ज्यास एखादे कोडे छळीत असेल त्याने ती वही खुशाल घ्यावी, पहिल्या पानावरचे रकाने पाहावेत, आणि बिघाडाच्या वेळा लिहिताना बऱ्या वेळाही विसरू नयेत.